डोळे मिचकवा, नागोराव

आदिलाबादच्या भाजी शेडच्या फाटकावर नागोरावांचं आठ फुटी तोंड टांगलेलं होतं, आणि त्याच तोंडासमोर, आपल्या ओट्यामागे उभे राहून नागोराव गेली वीस मिनिटं एका फोनला पटवून देत होते की आपण जिवंत आहोत.

फोनला पटत नव्हतं. फोनमधली बाई तूप लावलेल्या आवाजात परत परत सांगत होती, "कृपया आपले नेत्र मिचकवा." आता नागोराव चार वर्षांचे असताना अंगावर देवी आल्या, आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पापण्या मिटल्या त्या टाचून टाकल्यासारख्या मिटल्या. चोपन्न वर्षांत त्या कुणासाठी उघडल्या नव्हत्या. तरी भल्या माणसाने प्रयत्न केला. भुवया उडवल्या, गाल फुगवले, नाक मुरडलं. उभ्या जन्मात कुणाला वेडावून दाखवलं नसेल, ते सगळं वेडावणं त्या फोनपुढे खर्ची घातलं. बाईने जरा विचार केला आणि निकाल सुनावला, "जिवंत व्यक्ती आढळली नाही."

शेजारच्या ओट्यावर गयाबाई कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांचे हात थांबले.

"हे काय आयकून राह्यली मी, भाऊजी? कवा गेले तुमी? आमाले सांगाचं तरी."

"गेलो असतो तं तुमच्या बाजूले बसाले वापस कायले आलो असतो, गयाबाई?"

"वर फाटकावर तं हासून राह्यले. बत्तीसच्या बत्तीस दात दिसतेत. मंग खाली काऊन तोंड पाडलं?"

खरंच, फ्लेक्सवरचे नागोराव मनापासून हसत होते. डोक्याला पांढरी दस्ती, ओठांवर मिशी आणि छातीवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, 'हिरवा ओटा अॅप. सर्वांसाठी सोपं.' स्वतः नागोरावांनी हा मजकूर अर्थातच पाहिला नव्हता. गयाबाईंनी तो त्यांना इतक्यांदा वाचून दाखवला होता की आता त्यांना तो पाठ होता, आणि पाठ असल्यामुळे जास्तच झोंबत होता.

सात वाजले. फोनने टिणटिण केलं. "ओटा क्रमांक नऊ, अनुपस्थित."

ओट्यावर वांग्यांचा ढीग होता, ढिगामागे नागोराव होते, नागोरावांच्या अंगावर नुकत्याच शिंपडलेल्या पाण्याचे थेंब होते. आणि नागोराव अनुपस्थित होते.

भाजी पिकवणाऱ्यांच्या संस्थेने हा नियम महिन्यापूर्वी आणला. आपला ओटा परस्पर दुसऱ्याला देऊन घरी लोळणाऱ्यांना चाप बसावा म्हणून. दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी सहा ते सात या वेळात ज्याच्या नावावर ओटा त्यानेच फोनपुढे तोंड दाखवायचं, डोळे मिचकवायचे. पहिल्या महिन्यात रंगीत तालीम म्हणून कुणी काही बोललं नाही. आता मात्र लागोपाठ तीन मंगळवार गैरहजेरी पडली की ओटा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार होता. ज्यांनी खरंच ओटे भाड्याने चढवले होते, ते छान तोंड दाखवून, डोळे मिचकवून परत घरी झोपायला जात होते. चाप बसला होता तो नागोरावांना, आणि ही त्यांची पहिली गैरहजेरी होती.

नऊ नंबरचा ओटा म्हणजे नुसता सिमेंटचा कट्टा नव्हता. शेड नव्हती, पत्रे नव्हते, तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, नागोराव त्याच जागी बसत होते. तलमडुगुकडून येणाऱ्या ऑटोतून उतरलं की फाटकापर्यंत चाळीस पावलं, फाटकापासून नळापर्यंत एकवीस, नळाच्या डाव्या अंगाला ओटा. पायांना पाठ होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. गिऱ्हाइकंही तशीच पाठ होती. ही चप्पल फरफटत येते ती शाळेतली बाई, तिला बिनबियांची लागतात. हा खोकतो तो बँकेतला, त्याला सांगावं लागतं की देठ हिरवा आहे, कारण त्याला डोळे असून दिसत नाही. भेंडीचं शेपूट मोडलं की आवाजावरून नागोराव सांगत ती आजची की कालची. वांगं ते कानाशी धरून टिचकी मारत आणि आत बिया किती ते सांगत. ते खरं होतं की नुसता रुबाब, हे भागाबाईंनाही लग्नाला पस्तीस वर्षं होऊन उमगलं नव्हतं, पण बायका त्या टिचकीसाठी रांग लावत. ज्याला गिऱ्हाइकामागे जाता येत नाही, त्याच्याकडे गिऱ्हाइकाने यावं लागतं, आणि येण्यासाठी त्याची जागा हलून चालत नाही. डोळे एकदा चौथ्या वर्षी गेले होते. ओटा गेला असता तर ते दुसऱ्यांदा गेले असते.

स्वभावाचं म्हणाल तर नागोराव घरात लोणी आणि बाजारात ठेचा. ओट्यावर बसले की गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांना शालजोडीतले देत. घरच्या उंबऱ्याच्या आत आले की पाहुण्याला "बसा" सुद्धा दोनदा म्हणत. हा सगळा घोळ झाला तो या लोण्यामुळे.

ते असं झालं. मागच्या उन्हाळ्यात हैदराबादच्या कंपनीकडून एक मुलगी नागोरावांच्या घरी आली. नाव प्रियदर्शनी, पाठीवर दप्तर, हातात फोन. तिचं काम मोठं चांगलं होतं. अॅप बाजारात आणण्याआधी ते ज्यांना वापरायचं आहे त्यांच्या हातात द्यायचं, कुठे अडतं ते बघायचं, लिहून न्यायचं आणि सुधारायचं. अशा बारा घरांची यादी तिने केली होती, आणि अंध माणूस त्यात हवाच, असं तिनेच कंपनीत भांडून ठरवलं होतं. पोरीची नियत सोन्यासारखी होती. पण तिसऱ्या वाक्याला भागाबाईंनी विचारलं, "गाव कोन्तं बाई तुहं?" आणि ती म्हणाली, "मुधोळ."

संपलं. मुधोळ म्हणजे भागाबाईंचं माहेर. त्या क्षणी कंपनीची बाई भागाबाईंची भाची झाली, भागाबाई तिच्या आत्या झाल्या आणि नागोराव मामा. चुलीवर ज्वारीच्या भाकरी पडल्या, वांग्याचं भरीत झालं, अंबाडीची भाजी झाली, ठेचा कुटला गेला. पोरगी बोटं चाटून जेवली. मग तिची ओटी भरली. आणि ओटीतला नारळ तिने दप्तरात ठेवल्यावर, मग कुठे फोन नागोरावांच्या हातात आला.

नागोरावांना फोन नवा नव्हता. खिशात बटनांचा होता, त्यात पाचाच्या आकड्यावर एक बारीक टिपका असतो, तो बोटाला लागला की सगळं गणगोत हाताशी येतं. निजामाबादला कामाला असलेल्या प्रज्वलने, त्यांच्या मुलाने, आपला जुना मोठा फोनही पाठवला होता, आणि उटनूरच्या शिबिरात दोन दिवस बसून नागोराव तो बोलता करायला शिकले होते. बोट जिथे फिरेल तिथलं तो वाचून दाखवतो. पण वाचायला तिथे काही लिहिलेलं तर हवं. हिरव्या ओट्यावर नागोरावांनी बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटन." बोट खाली नेलं. "बटन." उजवीकडे नेलं. "बटन." गावात शंभर घरं आणि एकाही दारावर पाटी नाही, असा प्रकार.

नागोराव अडले की प्रियदर्शनी मायेने म्हणे, "थांबा मामा, मी दाबते," आणि दाबे. डोळे मिचकवायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "हे आपण असं करू," आणि फोन स्वतःकडे फिरवून स्वतःचे डोळे मिचकावले. बाई खूष झाली. "जिवंत व्यक्ती आढळली."

पाव तास नागोरावांनी फोन नुसता धरला होता, पाटाने पाटा धरावा तसा. मग तिने वही उघडून विचारलं, "मामा, कसं वाटलं?"

नागोरावांच्या जिभेवर जे आलं होतं ते बाजारात असते तर अख्ख्या शेडने ऐकलं असतं. पण ते घरात होते, पोरीच्या बोटांना अजून भरताचा वास होता. या भागात पाहुण्याने आणलेल्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकर ओढणं.

"लय बेस हाय, बाई."

"काही अडचण आली?"

"अडचण कायची."

"काही बदलावंसं वाटतं?"

"तुमी शिकलेली लेकरं. चांगलंच केलं असन."

"आमच्या गावची पोरगी हाय थे," भागाबाई चुलीपासून म्हणाल्या. मग सगळे हसले, आणि हसताना प्रियदर्शनीने नागोरावांचा फोटो काढला. बाराच्या बारा घरी हेच झालं. बाराही घरी ती जेवली आणि बाराही घरांनी "लय बेस" म्हटलं. कंपनीला असा अहवाल आजवर कुणी आणून दिला नव्हता.

दुसरा मंगळवारही "अनुपस्थित" गेला. तेव्हा नागोराव भागाबाईंचा खांदा धरून संस्थेच्या कचेरीत गेले. तिथे सुधाकरराव होते, शेडचे देखरेख अधिकारी. माणूस वाईट नव्हता. त्यांचा फक्त कागदावर विश्वास होता. समोर पूर आला असता तरी पुराची दरखास्त आल्याशिवाय त्यांनी पाय वर घेतले नसते.

"साहेब, फोन मले डोळे मिचकावा म्हनते," नागोराव म्हणाले.

"मग मिचकवायचे."

नागोरावांनी तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं आणि नुसतं धरून ठेवलं. सुधाकररावांची खुर्ची दोनदा कुरकुरली.

"तुमचं बरोबर आहे, नागोराव, पण तपासणी तर झालेली आहे," ते म्हणाले, आणि कपाटातून प्लास्टिकच्या वेष्टनातला अहवाल काढून वाचू लागले. "व्यक्ती क्रमांक सात. पूर्ण अंध. अभिप्राय, लय बेस हाय. अडचण, नाही. सुधारणा, नको. समाधान, पाचपैकी पाच तारे. हे तुमचंच ना?"

नागोराव म्हणाले, "माहंच."

"म्हणून तर फ्लेक्सवर तुमचा फोटो आहे. आता तुम्हीच पाच तारे देणार आणि तुम्हीच तक्रार आणणार, तर ती मी कुठल्या फायलीत लावू?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "एक करता येईल. ओटा भागाबाईंच्या नावावर करू. वारस म्हणून नाव चढवायला वेळ लागत नाही."

"वारस," नागोराव म्हणाले. "मी तुमच्या समोर बसून राह्यलो, साहेब. माह्या अंगाले घाम येऊन राह्यला. अन् तुमी मले वारस लावून राह्यले."

"तसं नाही, नियमात..."

"चार वाजता उठून पाट फोडतो, तवा फोन मले इचारत नाई जिता हाय का मेला. वांगं तोडतो, पाटी उचलतो, ऑटोत चढवतो. या हाताले काटे रुततेत. तवा मी मेलेला नसतो. अन् इथं आलं का एक पापणी हालत नाई म्हनून मी गेलो. देवीनं डोळे नेले, साहेब. जीव माहा माह्यापाशी ठेवला व्हता. थो बी आता तुमी फोनमदी जमा करून घेतला."

सुधाकररावांनी अहवाल परत कपाटात ठेवला. "पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत आहे," ते म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात नाही. यादीतल्या माणसाला निरोप गेला आहे."

घरी आल्यावर भागाबाईंनी तोंड उघडलं.

"कोन म्हनलं व्हतं लय बेस? तुमीच नं?"

"तू बी आमच्या गावची, आमच्या गावची करून राह्यली व्हतीस."

"मी माह्या माहेरच्या पोरीले वाईट म्हनू?"

"अन् मी घरी जेवलेल्या पाहुणीले म्हनू?"

दोघांचंही बरोबर असल्यामुळे भांडण पुढे सरकेना. भागाबाई भांडी घासायला बसल्या. नागोराव खाटेवर बसून धुमसत राहिले आणि धुमसता धुमसता त्यांना सकाळचं एक गिऱ्हाईक आठवलं. शाळेतली बाईच. आली, वांगं उचललं, म्हणाली, "काय हो हे, आळ्यांचं वसतिगृह आहे का?" दुसरं उचललं, "हे तर मागच्या आठवड्यातलं दिसतंय." तिसऱ्याला वाकडं म्हणाली, आणि तीन प्रकारे नावं ठेवून दोन किलो घेऊन गेली. नागोरावांना तिचा राग आला नव्हता. उलट नावं न ठेवता कुणी भाजी घेतली तर त्यांना संशय येई की बाई आजारी आहे. आणि हीच बाई घरी आली असती तर भागाबाईंच्या करपलेल्या भरतालाही "वा" म्हणाली असती.

नागोराव उठून उभे राहिले. खिशातून बटनांचा फोन काढला, पाचाचा टिपका चाचपला आणि प्रियदर्शनीला लावला.

"बाई, मी तुले खोटं बोललो."

पलीकडून प्रियदर्शनीने विचारलं, "सगळं, मामा?"

"सगळं. भाकर तेवढी खरी व्हती." मग नागोरावांनी नेत्र मिचकवण्यापासून वारस लावण्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि सांगताना घरात असूनही बाजारातला आवाज लावला. "आता आयक. घरी येऊ नको. घरी आली का मी पुन्हा बेस म्हनीन, माहा इलाज नाई. मंगळवारी सहाच्या आंदी बाजारात ये. अन् उपाशी ये. तुही आत्या डबा आनन, पन फोनात तीन खोटी काढल्याबिगर कोनी तुले पाणी बी देनार नाई."

तिसऱ्या मंगळवारी पोरगी आली. डोळे लाल होते. रात्रभर बसमध्ये होती की रडली होती, हे तिने सांगितलं नाही. ओट्यापासून दोन हातांवर अंगाला दस्ती बांधलेला एक हडकुळा माणूस टमाट्यांची पाटी घेऊन उभा होता. तो राजकुमार, यादीतला पुढचा. त्याला सकाळी यायचा निरोप होता, म्हणून तो आला होता, आणि आल्यापासून कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. भागाबाईंनी डबा ओट्याखाली सरकवून ठेवला आणि भाचीकडे पाठ फिरवून बसल्या, कारण तिचं तोंड बघितलं तर डबा उघडला जाईल अशी त्यांना भीती होती.

नागोरावांनी हिरवा ओटा उघडलेला मोठा फोन टोपलीत, वांग्यांच्या मधोमध ठेवला. त्यावर थोडं पाणी शिंपडलं, सवयीने. आणि हाळी दिली, "घ्या, फोनातली हजेरी घ्या. ताजी हाय, हैदराबादची हाय. पाहून घ्या, दाबून घ्या, नावं ठेवून घ्या."

बास. बाजाराला एवढंच हवं होतं. टोपलीत ठेवलेल्या वस्तूचं काय करायचं हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही.

पहिल्या गयाबाई आल्या. त्यांनी बोट लावलं आणि फोन ढिम्म. परत लावलं. "हा काय सोवळ्यातला फोन हाय का, बाई? भाजीवाल्याच्या हाताले पाणी असनारच. वल्या बोटाचा याले विटाळ होते का?" मग मिरचीवाले बाबाराव आले. त्यांनी फोन नाकापर्यंत नेला, हात लांब करून धरला, परत नाकापर्यंत नेला. "अक्षर हाय का मोहरी सांडली? अन् हे दोन टिपके कायचे?" "एक लाल, एक हिरवा," प्रियदर्शनी म्हणाली. "लाल म्हणजे राहिली, हिरवा म्हणजे झाली." "मले दोन्ही सारखेच दिसते," बाबाराव म्हणाले. "लाल मिरची कोन्ती अन् हिरवी कोन्ती थे मी वासानं वळखतो. याले वास कुठं हाय?" कुणीतरी मागून विचारलं की 'उपस्थिती नोंदवा' हे कोणत्या गावचं बोलणं, सरळ 'हजेरी लावा' म्हणायला कंपनीचं काय जातं. कुणी म्हणालं, बाई बोलते छान, पण आकडा पाठवते आणि तो वाचून होईपर्यंत म्हणते वेळ संपली. वाचून होत नाही तर पाठवते कशाला, दारात आलेल्याला हाकलायला?

प्रियदर्शनी लिहीत होती. पानामागून पान उलटत होती, आणि तिचे कान तापत होते. मध्येच बाबाराव अडले तेव्हा तिचं बोट नकळत फोनकडे गेलं. नागोरावांनी चाहूल घेऊन ते वाटेतच धरलं.

"बोट मांगं घे, बाई. तुह्या बोटानंच माहा घात केला."

मग त्यांनी डोक्याची दस्ती सोडली. "ये इकडं." दस्ती तिच्या डोळ्यांवर घट्ट बांधली आणि फोन तिच्या हातात दिला. "तूच बनवलं नं? लाव आता माही हजेरी."

पोरीने बोट फिरवलं. "बटन." फिरवलं. "बटन." तिने स्वतः बनवलेलं होतं, कोणतं बटन कुठे हे तिला झोपेत ठाऊक असायला हवं होतं. "बटन. बटन." घाम फुटला. दोनदा मागे गेली, एकदा बाहेरच पडली, परत आली, वेळ संपली. शेवटी कशीबशी चेहऱ्यापर्यंत पोचली आणि दस्तीखाली जोरजोरात डोळे मिचकावले.

"जिवंत व्यक्ती आढळली नाही."

"अरे देवा," गयाबाई हळहळल्या. "एवढी तरनी पोर. कायनं गेली बिचारी?"

शेड हसली. प्रियदर्शनी हसली नाही. तिने दस्ती न सोडता पुन्हा पहिल्या बटनापासून बोट फिरवायला घेतलं.

सात वाजले. टिणटिण झालं, आणि पाठोपाठ सुधाकरराव यादी घेऊन आले. "ओटा क्रमांक नऊ, तिसरी गैरहजेरी. नागोराव, मला वाईट वाटतं. राजकुमार, पाटी ठेवा."

राजकुमारने पाटी ठेवली नाही. उचलूनही धरली नाही. अर्धवट वाकून तो तसाच राहिला.

प्रियदर्शनीने दस्ती कपाळावर सरकवली. "साहेब, मामा सहाच्या आधीपासून इथे आहेत. चूक अॅपची आहे, आणि माझी."

"तोंडी चालत नाही, मॅडम."

"लेखी चालेल?"

सुधाकररावांना या प्रश्नाचं एकच उत्तर येत होतं. ते म्हणाले, "लेखी तर चालतंच."

तिने वहीतलं कोरं पान फाडलं आणि वांग्याच्या पाटीवर ठेवून लिहिलं. व्यक्ती क्रमांक सातची तपासणी खोटी आहे. बटनं मी दाबली, डोळे मी मिचकावले, पाच तारे जेवणाला मिळाले. हे अॅप हजर माणसाला गैरहजर ठरवतं, आणि दुरुस्त होईपर्यंत त्याच्यावरून कुणाचीही जागा काढू नये. खाली सही केली, कंपनीतला आपला हुद्दा लिहिला. हा हुद्दा या कागदानंतर राहील की नाही, याची तिलाही खात्री नव्हती. मग गयाबाईंनी दस्तखत केली. बाबारावांनी अंगठा दिला. अंगठ्यावर अंगठे पडत गेले, काही ओले, काही मातीचे. कागदाने कुणालाही परत पाठवलं नाही. शेवटी राजकुमार पाटी खाली ठेवून पुढे आला आणि त्यानेही सही केली.

सुधाकररावांनी कागद दोनदा वाचला आणि नीट घडी घातली. कागद आल्यावर तो माणूस बदलतो. "दुरुस्तीपर्यंत मुदत देता येईल," ते म्हणाले. "तोवर हजेरी वहीत लावू."

"कोनाची?" नागोरावांनी विचारलं.

"तुमची."

"माह्या एकट्याची नाई, साहेब. ज्याले ज्याले फोन वळखत नाई त्या सगळ्याइची. अन् या पोराले दुसऱ्याच्या जागेवर उभं करून लाजवलं, याले बी कुठं बसवता थे लिवून द्या."

सुधाकररावांनी तेही लिहून दिलं. जुनी हजेरी वही आणली गेली, झटकली, तिच्यातून दोन झुरळं बाहेर पडली आणि नवव्या ओट्यापुढे शाईने 'हजर' लागलं. तेव्हा कुठे भागाबाईंनी तोंड वळवलं, डब्याची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "खा माय, कवाची उपाशी हायस."

प्रियदर्शनीचा हुद्दा राहिला. त्यानंतर ती तीन मंगळवार आली, दर वेळी नवं घेऊन, आणि दर वेळी टोपलीत ठेवून नावं ठेवून घेऊन गेली. हळूहळू बटनांना नावं आली. अक्षरं मोहरीची हरभऱ्याएवढी झाली. लाल-हिरव्याच्या जोडीला फुली आणि बरोबरची खूण आली. डोळे मिचकवणं गेलं. आता फोन चार आकडे बोलतो आणि तेच आकडे माणसाने आपल्या आवाजात परत म्हणायचे. तूपवाली बाईही गेली. तिच्या जागी प्रियदर्शनीचा स्वतःचा आवाज आला, मुधोळचा.

हा नवा आवाज आला त्या सकाळी नागोरावांनी बोट फिरवलं. "हजेरी लावा." दाबलं. आकडे ऐकले, म्हटले. पत्र्यावर पाऊस तडतडत होता, म्हणून दोनदा म्हणावे लागले. मग फोन म्हणाला, "ओटा नऊ. हजेरी लागली, मामा."

सगळ्यांनाच तो मामा म्हणतो, हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा मात्र त्यांनी दस्ती सोडून तोंड पुसलं आणि पुन्हा बांधली.

"कसं वाटलं, मामा?" प्रियदर्शनीने विचारलं. वही उघडी होती.

नागोरावांनी विचार केला. "आकडे घाईनं बोलते. मांगं कुत्रं लागल्यासारखे. पाऊस आला का आयकूच येत नाई. अन् तिसरी गोष्ट, थो फाटकावरचा फ्लेक्स काढा."

"नवा लावायचा आहे, मामा. नवा फोटो..."

"नवा नको. जुना मले दे."

तर तो फ्लेक्स आता नऊ नंबरच्या ओट्यावर असतो. पत्र्यातून जिथे गळतं त्या बाजूला नागोराव तो वांग्यांच्या ढिगावर अंथरतात. मजबूत आहे, दोन पावसाळे जाईल. मागच्या मंगळवारी गयाबाईंनी सुचवून पाहिलं, "भाऊजी, उलटा टाका नं. सकाळी सकाळी तुमचे दात कोन पाहीन?"

"राहू द्या वर," नागोराव म्हणाले, एक वांगं कानाशी धरून टिचकी मारत. "कचेरीतून कोनी आलं तं त्याले बी दिसाले पायजे, ओटेवाला जिता हाय म्हनून."